विषय: अंगणातल्या ब्लूबर्डच्या पेटीत चिमण्या

प्रेषक: वैशाली (केरी)

सर्वांना नमस्कार,

मागच्या अंगणात ओकच्या खोडावर ब्लूबर्डसाठी, म्हणजे इथल्या छोट्या निळ्या पक्ष्यासाठी, घरट्याची पेटी लावली आहे, दाण्यांच्या फीडरच्या शेजारीच. गेल्या आठवड्यात जोडी आली. नर भोकापाशी बसून पंख फडफडवत होता, मादी आत डोकावूनही गेली. पण आता तिथे चिमण्यांनी ठाण मांडलंय आणि ब्लूबर्ड बिचारे कुंपणावरून बघत बसतात. मंडळात कोणी अशा पेट्या सांभाळतं का? काय करू?

वैशाली

---

प्रेषक: श्रीकांत (रॅली)
उत्तर: अंगणातल्या ब्लूबर्डच्या पेटीत चिमण्या

वैशाली,

जोडी अजून आसपास आहे ना, मग काही बिघडलेलं नाही. आपल्याकडे नॉर्थ कॅरोलिनात ब्लूबर्ड वर्षभर राहतात आणि एका मोसमात दोन, कधी तीन वेळा पिल्लं काढतात.

आधी फीडर बघ. त्यात राळ्यासारखं बारीक धान्य किंवा मक्याची भरड असेल तर आजच बंद कर. चिमण्या त्यासाठीच येतात. ब्लूबर्डला ते दाणे नकोच असतात. तो उंचावर बसून गवतातला किडा हेरतो आणि खाली झेप घेऊन उचलतो. म्हणून पेटीसमोर आखूड गवताची मोकळी जागा हवी, आणि लॉनवर कीटकनाशक अजिबात नको. खायला घालायचंच असेल तर बशीत थोडे मीलवर्म (अळ्या) ठेव.

दुसरं, पेटी झाडावरून काढ. खोडावरून काळा रॅट स्नेक (साप) सरळ वर चढतो, रकून हा मांजराएवढा प्राणी तर हात घालून पिल्लं काढतो. गुळगुळीत लोखंडी खांब रोव, पेटी जमिनीपासून पाचेक फुटांवर बसव आणि तिच्या खाली खांबाभोवती पत्र्याचं नळकांडं अडकव. आठ इंच रुंद, दोन फूट लांब, वरून बंद आणि किंचित हलतं. साप त्याच्या आत शिरतो आणि वर वाट नाही म्हटल्यावर परत उतरतो.

भोक मोजून घे. बरोबर दीड इंच हवं. तेवढ्यातून स्टार्लिंगला (मैनेच्या कुळातला पक्षी) आत जाता येत नाही. भोकाखाली बसायची दांडी असेल तर कापून टाक, ब्लूबर्डला ती लागत नाही.

चिमणी मात्र दीड इंचातून आरामात जाते, म्हणून दर आठवड्याला पेटी उघडायची. आधी बाजूला टकटक कर, मग दार उघड. पाइनच्या सुयांची किंवा बारीक गवताची नीटस वाटी दिसली की समज, ब्लूबर्ड आहे. अंडी फिकट निळी, रोज एक, चार-पाच होईपर्यंत. शेवाळाची गादी असेल तर चिकाडी, नुसत्या काटक्या कोंबलेल्या असतील तर रेन, हे दोन्ही इथले छोटे पक्षी. वाळकं गवत, पिसं, कागद-प्लास्टिकचे तुकडे असा पसारा छतापर्यंत आणि बाजूने आत शिरायला बोगदा, ते चिमणीचं. तिची अंडी मळकट पांढरी, ठिपकेदार. हे घरटं काढायचं, आणि ती पुन्हा बांधेल तेव्हा पुन्हा काढायचं.

पिल्लं बारा दिवसांची झाली की पेटी उघडू नकोस, घाबरून वेळेआधी उडी मारतात.

श्रीकांतकाका

---

प्रेषक: मंजिरी (शार्लट)
उत्तर: अंगणातल्या ब्लूबर्डच्या पेटीत चिमण्या

काका,

बाकी सगळं पटलं, पण चिमणीचं घरटं काढून टाकायचं? माझं माहेर नाशिकचं. तिथे आई गॅलरीत चिमण्यांसाठी लाकडी घरटं लावते, उन्हाळ्यात पाणी ठेवते. २० मार्चचा जागतिक चिमणी दिवस सुरू झाला तोही नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या संस्थेच्या पुढाकारानं, २०१० साली. माझ्या हातून हे होईलसं वाटत नाही. आणि इथल्या कायद्याला चालतं का?

मंजिरी

---

प्रेषक: श्रीकांत (रॅली)
उत्तर: अंगणातल्या ब्लूबर्डच्या पेटीत चिमण्या

मंजिरी,

तुझी आई करते ते योग्यच आहे. पक्षी तोच आहे, पण इथे तो माणसानं आणून सोडलेला आहे. १८५० च्या सुमारास ब्रुकलिनमध्ये युरोपातून चिमण्या आणल्या, १८९० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात स्टार्लिंग सोडले. दोघंही ढोलीत घरटं करतात. ब्लूबर्डला चोचीनं लाकूड कोरता येत नाही. सुतारपक्ष्याची जुनी ढोली किंवा कुंपणाच्या कुजक्या खांबातलं भोक, यावरच त्याची भिस्त. वाळकी झाडं तोडली गेली, लाकडी खांब जाऊन लोखंडी आले आणि उरलेल्या जागा या दोघांनी घेतल्या. इलिनॉयमध्ये टी. ई. मसलमन यांनी १९३४ मध्ये रस्त्याकडेला ओळीनं पेट्या लावायला सुरुवात केली. लॉरेन्स झेलेनी यांनी १९७८ मध्ये नॉर्थ अमेरिकन ब्लूबर्ड सोसायटी काढली. आज ब्लूबर्ड अंगणात दिसतो त्यात अशा पेट्यांचा मोठा वाटा आहे.

चिमणी नुसती जागा अडवून थांबत नाही. नर पेटीत घुसून अंडी फोडतो, अंड्यांवर बसलेल्या मादीच्या डोक्यावर चोची मारून तिला ठार करतो आणि तिच्यावरच आपलं गवत रचतो. उघडलेल्या पेटीत मी हे पाहिलंय. ती निळी पिसं गवताखाली दिसली की पुढच्या वेळी हात आखडत नाही.

कायदा १९१८ चा आहे, स्थलांतरित पक्ष्यांच्या कराराचा. त्याखाली देशी पक्ष्यांच्या अंडी-पिल्लं असलेल्या घरट्याला हात लावायचा नाही. रेनसुद्धा ब्लूबर्डची अंडी फोडतो, पण तो देशी आहे, त्याचं अंड्यांचं घरटं तसंच ठेवायचं. पेटी झुडपांपासून लांब लावली की त्याचा त्रास कमी होतो. चिमणी आणि स्टार्लिंग या कायद्यात येत नाहीत. पण घरटं कुणाचं याची खात्री झाल्याशिवाय काही काढायचं नाही.

घरटं काढणं मनाला पटत नसेल तर जबरदस्ती नाही. पण मग पेटी तरी काढून ठेव. चिमण्यांना वाढायला आपणच जागा द्यायची आणि शेजारच्या ब्लूबर्डनी ते भोगायचं, हे बरोबर नाही.

वैशाली, मऊ मनाला जमेल असा एक उपाय आहे. पेटीच्या मागे उभी काठी लावून छतावर चमकत्या मायलरच्या (पातळ प्लास्टिकच्या) पट्ट्या सोडायच्या, टोकं छताला टेकतील इतक्या लांब. वाऱ्यानं हलल्या की बऱ्याच चिमण्या बुजतात. ब्लूबर्डनं पहिलं अंडं घातल्यावरच लाव. आधी लावलंस तर जोडीच निघून जाईल, अंडं घातलं की मादी सहसा पेटी सोडत नाही. पिल्लं उडाली की पट्ट्या काढ, जुनं घरटं काढून पेटी साफ कर, ती पुन्हा बसेल.

माझ्याकडे एक जास्तीचं नळकांडं आणि मायलरची गुंडाळी आहे. पाडव्याच्या कार्यक्रमाला गाडीत घालून आणतो. खांब आठ फुटी घे, दोन फूट जमिनीत जातो.

श्रीकांतकाका