गवती चहाला लिंबाचा वास येतो, मग दूध का नासत नाही?

परसातली, देवगड
आमच्या परसात मोरीच्या पाण्यावर गवती चहाचा मोठा ठोंब आहे. पावसाळ्यात कोणाला पडसे झाले की सासूबाई चार पाती कापतात, त्यांची गाठ मारून ठेचलेल्या आल्यासोबत पाण्यात टाकतात आणि झाकण ठेवून उकळल्यावरच दूध घालतात. वास थेट लिंबाचा असूनही दूध नासत नाही, याचे कारण काय असावे? दुसरे असे की झाकण विसरले तर चहाला रंग येतो, पण वास जातो. अशा चहात काही गुण उरतो का? मुंबईला मुलीकडे वाळलेली पात पाठवते, म्हणून हेही विचारते की वाळवण्याने किती नुकसान होते?

रसायनाची शिक्षिका, रत्नागिरी
लिंबाचा वास आणि लिंबाचा आंबटपणा ही दोन वेगळ्या द्रव्यांची कामे आहेत. आंबटपणा रसातल्या सायट्रिक आम्लाचा. त्यामुळे दुधाचा सामू (आंबटपणा मोजणारा आकडा, pH) ४.६ च्या आसपास उतरला की केसीन हे प्रथिन एकत्र येते आणि दूध नासते. वास मात्र मुख्यतः सिट्रल या द्रव्याचा आहे. ते आम्ल नसून अल्डिहाइड या वेगळ्या गटातले आहे आणि जिरॅनियल व नेरल या त्याच्या दोन रूपांचे मिश्रण पातीत असते. लिंबाच्या सालीच्या तेलात सिट्रल थोडेच, बहुतांश लिमोनीन असते; गवती चहाच्या तेलात मात्र सिट्रल साधारण ६५ ते ८५ टक्के भरते. म्हणजे या वासाच्या बाबतीत आपली पात लिंबापेक्षा श्रीमंत आहे.

तुमच्या सासूबाई दूध शेवटी घालतात त्याचे खरे कारण आले हे असावे असे मला वाटते. ताज्या आल्यात झिंजिबेन नावाचे विकर (एन्झाइम) असते, ते दुधातली प्रथिने तोडते आणि दूध नासवते. आधी उकळी आली की ते निकामी होते.

झाकणाचे म्हणाल, तर नुसते सिट्रल सुमारे २२९ अंश सेल्सिअसला उकळते, परंतु पाण्याच्या वाफेबरोबर ते शंभर अंशांच्या आतच निघून जाते. पातीचे तेल काढण्याच्या भट्टीचे तत्त्व हेच आहे. झाकणाला लागलेले थेंब परत भांड्यात पाडावेत, कारण उडालेले तेल त्यांतच अडकलेले असते.

बागायतदार, कुडाळ
ताज्या पातीत तेल वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आतच असते, म्हणजे शंभर किलो पातीमागे फार तर अर्धा किलो. त्यामुळे हाताळणीतली चूक लगेच जाणवते. पात उन्हात घालू नये. सावलीत, वारा खेळेल अशा जागी पातळ पसरावी, कडकडीत झाल्यावर घट्ट झाकणाच्या बरणीत भरावी आणि ऐन वापराच्या वेळी चुरावी. आधीच चुरून ठेवली तर तेलाच्या पेशी फुटतात आणि हवेतल्या ऑक्सिजनने सिट्रल बिघडत जाते. मुलीला अख्खी पात पाठवा.

वैद्यकीय पेशातला, अलिबाग
वास गेलेला चहा अगदीच निरर्थक नसतो. पातीत ल्युटिओलिन या वनस्पतीजन्य द्रव्याची आयसोओरिएन्टिनसारखी ग्लायकोसाइडे (साखर जोडलेली रूपे), शिवाय क्लोरोजेनिक आणि कॅफिक आम्ल असते. ही वाफेबरोबर जात नाहीत, पाण्यात उतरतात. कॅफिक आम्लाच्या नावावरून कॅफीन समजू नये, कॅफीन या पातीत नसते. तेलाच्या औषधी गुणांवरचे प्रयोगशाळेतले निष्कर्ष मात्र कपभर चहाला लावणे मला मान्य नाही, कारण तिथे तेल कितीतरी अधिक तीव्र असते. बाजारातले गवती चहाचे तेल कधीही पिऊ नये. भातलावणीच्या दिवसांत ताप आला, तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा जिवाणूंचा ताप) शक्यता धरून डॉक्टरांना दाखवावे. चहावर थांबू नये.

परसातली, देवगड
सर्वांचे मनापासून आभार. आज आले न घालता चहा उकळला आणि झाकणाच्या आतला एक थेंब जिभेवर घेऊन पाहिला: वास नाकात भरला, आंबटपणा मुळीच नव्हता. सासूबाईंनीही थेंब चाखला आणि झाकण भांड्यावर तिरके धरून बाकीचे आत निथळू दिले.