मदत हवी आहे: घरगुती फ्लो बेंचवर रीडिंग स्थिर राहत नाही

इंजिनाच्या सिलिंडर हेडच्या पोर्टमधून (हवा आत-बाहेर जाण्याच्या वाटेतून) किती हवा जाते ते मोजायला प्लायवूडच्या पेटीचा फ्लो बेंच बनवतोय. व्हॅक्यूम क्लीनरच्या दोन मोटरी, मध्ये धारदार कडेची ऑरिफिस प्लेट (भोक पाडलेला पत्रा, त्याच्या दोन बाजूंच्या दाबातल्या फरकावरून प्रवाह कळतो) आणि पारदर्शक नळीचे दोन पाण्याचे मॅनोमीटर (दाब दाखवणारे), एवढंच सामान. हेडच्या जागी सपाट पत्रा लावून गळती तपासली, जवळजवळ नाहीच.

अडचण व्हॉल्व्ह जास्त उघडल्यावर येते. 28 इंच पाण्याचा दाब टिकत नाही, म्हणून 10 इंचांवर मोजून 1.67 ने गुणतोय (प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, त्यामुळे 2.8 चं वर्गमूळ). हिशेब बरोबर आहे ना? पण 8 मिमी लिफ्टनंतर (म्हणजे व्हॉल्व्ह तेवढा उचलल्यावर) ऑरिफिसच्या मॅनोमीटरमधलं पाणी सतत हेलकावतं आणि तेच पोर्ट पुन्हा मोजलं की आकडा 4-5 टक्क्यांनी बदलतो. पोर्ट घासून होणारा फरकच तेवढा असतो, मग विश्वास कशावर ठेवायचा?

मला संशय पेटीतल्या भोवऱ्यांचा आहे. ऑरिफिस आणि मोटरी यांच्यात जाळी किंवा आडवी फळी टाकावी का? दाबाची नळी प्लेटपासून किती लांब, कोणत्या भिंतीवर घ्यावी? स्वतः बेंच बनवलेल्यांनी पेटीची मापं सांगितली तर फार मदत होईल.