हॉस्टेल सोडून चौघींत फ्लॅट घ्यावा का? (फॉर्मला 10 दिवस उरलेत)

दाराजवळची कॉट

नमस्कार मंडळी. पहिलं वर्ष कँपसमधल्या हॉस्टेलवर काढलं. खोलीत तिघी. दार उघडलं की पहिली कॉट माझी, त्यामुळे येणारी-जाणारी प्रत्येक जण आधी माझ्या पायाशी टेकते आणि मग गप्पा सुरू होतात. एक रूममेट रात्री 2 वाजता फोनवर भांडते. दुसरीचा अलार्म पहाटे 5 ला होतो आणि तिला सोडून सगळ्यांना जाग येते.

वर्गातल्या तिघी मिळून फ्लॅट बघतायत, चौथी म्हणून मला विचारलंय. दोन बेडरूम, कॉलेजच्या गेटपासून बसने 35 मिनिटं. भाडं चौघींत वाटलं तर महिन्याला हॉस्टेलपेक्षा थोडं कमीच पडतं. तिसरा पर्याय गेटजवळच एका काकूंकडे पीजीचा. एकटीची लहान खोली आहे, पण "मैत्रिणींना वर आणायचं नाही" असं त्यांनी दारातच सांगितलं.

बाबा म्हणतात हॉस्टेल. आई म्हणते तुझं तू ठरव, म्हणजे हॉस्टेलच. तुम्ही काय केलंत? स्वातंत्र्य वगैरे नको, मला झोप हवी आहे.

सहीवाली

झोपेसाठी फ्लॅट घेणार असशील तर आधी हे सांग: दोन बेडरूममध्ये चौघी, म्हणजे खोलीत दोघी. तुझ्या खोलीतली दुसरी कोण? तिचा अलार्म कितीचा? हसू नकोस, आम्ही हे विचारलं नव्हतं.

आम्हीही चौघी होतो. मालकांना करारावर एकच नाव हवं होतं आणि माझं अक्षर चांगलं म्हणून (खरंच, एवढंच कारण) सही मी केली. पाचव्या महिन्यात एकीला दुसऱ्या शहरात इंटर्नशिप लागली. रडत रडत गेली बिचारी, पण तिच्या वाट्याचं भाडं मागेच राहिलं. लॉक-इन 10 महिन्यांचा, म्हणजे तोवर घर सोडायची सोय नाही. मालकांच्या लेखी भाडेकरू मी एकटी. उरलेल्या दोघी म्हणाल्या, "आम्ही आमचा वाटा देतोय की." तेही बरोबरच. दोन महिने मी दोन वाटे भरले, मग बदली मुलगी मिळाली तर ती मालकांना पसंत पडेना.

चौघींची नावं घातली म्हणजे सुटलात असंही नाही. "संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे जबाबदार" अशा अर्थाचं कलम असेल तर एकीने बुडवलेलं भाडं उरलेल्यांपैकी कुणाकडूनही मागता येतं. मालक तयार असतील तर प्रत्येकीचा वेगळा करार करा. नसतील तर आपापसात एक पान लिहून ठेवा: मध्येच जाणारीने बदली शोधायची, ती मिळेपर्यंत वाटा तिचाच. "मैत्रीत कागद कशाला" असं जी म्हणेल तिच्यावर नजर ठेव. आमच्यात तीच गेली.

आणि महिन्याची महिन्याशी तुलना करू नकोस. हॉस्टेलची फी बहुतेक ठिकाणी शैक्षणिक वर्षाची असते आणि मोठ्या सुट्टीत खोली रिकामी करावी लागते. फ्लॅटचं भाडं तू घरी जाऊन लोळत असलीस तरी चालूच, म्हणजे 10 महिन्यांशी 12 महिने ताडून बघ. शिवाय डिपॉझिट, दलाली, वीज, इंटरनेट, गाद्या, बादल्या. बादल्या कुणीच धरत नाही.

35 मिनिटं म्हणजे जाऊन-येऊन 70. आठवड्याचे 5 दिवस आणि 16 आठवड्यांचं सत्र धरलं तर 93 तास. यात बसची वाट बघणं आलेलं नाही. तेवढ्यात किती झोप झाली असती ते तूच बघ.

माजी मेस सेक्रेटरी

वरच्या प्रतिसादाला +1, विशेषतः बादल्यांना.

पण मुळात तू रूम बदलायचा अर्ज केलास का? मुली थेट हॉस्टेल सोडतात, खोली बदलता येते हे त्यांच्या डोक्यातच येत नाही. सत्राच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत नावं काढून घेणाऱ्या असतात, तेव्हा जागा सुटतात. अर्ज आधीपासून पडून असला तर तुझा नंबर लागतो, नंतर तोंडी विचारलं की "बघू". रूममेटची तक्रार लिहू नकोस, त्यात चौकशी वगैरे लागते आणि रोज तोंडं बघायची असतात. नुसती बदली माग. कोपऱ्यातली खोली माग. जिन्याजवळची आणि कॉमन बाथरूमसमोरची फुकट दिली तरी घेऊ नकोस.

हॉस्टेलला मी काही फार चांगलं म्हणत नाही. पण आजारी पडले तेव्हा रात्री 3 ला वॉर्डन गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेल्या होत्या. फ्लॅटवर ते तुमचं तुम्हालाच बघायचं.

मीटर बघणारा काका

मी विजेच्या कामातला माणूस, मुलगा 3 वर्षं बाहेर खोली घेऊन राहिला. फ्लॅट घ्या किंवा नका घेऊ, पण बघायला दुपारी जाऊ नका. संध्याकाळी 7 ला जा. तेव्हा नळाला पाणी किती येतं, शेजारी किती आवाज असतो, आतल्या खोलीत मोबाइलला रेंज आहे का, सगळं कळतं. कपाट भिंतीपासून जरा सरकवून मागे बघा. तेवढाच पट्टा नवा रंगवलेला दिसला तर ओल आहे.

मग मीटर. त्यावर बारीक लाल दिवा असतो आणि शेजारी आकडा छापलेला असतो, समजा 3200. म्हणजे दिवा 3200 वेळा लुकलुकला की 1 युनिट. घरातलं सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा, आणि मीटरसमोर पाच मिनिटं उभे राहा. तरी लुकलुकतोय? मग दुसऱ्या कुणाचं तरी तुमच्या मीटरवर चाललंय. माझ्या मुलाच्या मीटरवर अख्ख्या जिन्याचे दिवे निघाले. मालक म्हणाले, "अरेच्चा!" तेवढंच म्हणाले.

बाथरूममध्ये गॅसचा गिझर असेल आणि हवा जायला झरोका नसेल तर ते घर सरळ सोडा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. यात घासाघीस नाही.

आत जाण्याआधी प्रत्येक भिंतीचे, नळांचे, फुटक्या टाइलचे फोटो काढून त्याच दिवशी मालकांना पाठवा. डिपॉझिट परत घेताना तेच कामाला येतात.

सहीवाली

काका, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर! आम्ही दुपारी 12 ला घर बघितलं होतं. पाणी धो धो.

आणि कॉट, त्या पीजीवर फुली मारू नकोस. माझं शेवटचं वर्ष तशाच खोलीत गेलं. तुला झोप हवी आहे ना? मग "मैत्रिणी वर नकोत" ही तुझी सोयच झाली. फक्त तीन गोष्टी आधी विचार: सोडायची नोटीस किती दिवसांची, भाड्याची पावती मिळेल का, आणि परीक्षेत लायब्ररीतून रात्री 12 ला आलं तर दार कोण उघडणार. तिसऱ्याचं उत्तर देताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघ.

दाराजवळची कॉट

सगळ्यांचे आभार. काल तिघींना आपापसातल्या कागदाबद्दल विचारलं. एक म्हणाली, "आपल्यात कशाला?" मी गप्प बसले.

काकूंकडे जाऊन आले. नोटीस 1 महिन्याची, पावती मिळेल. 12 वाजताचं विचारल्यावर म्हणाल्या, "परीक्षा आहे हे मला कसं कळणार?" तेव्हा तेही राहिलं.

हॉस्टेलचा फॉर्म भरला आणि सोबत बदलीचा अर्ज दिला, कोपऱ्यातल्या खोलीसाठी. रेक्टर मॅडमनी विचारलं, कारण काय लिहू? म्हटलं, पहाटे 5 चा अलार्म. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि रकान्यात "प्रकृती" असं लिहिलं.