‘विरलेला चुना’ की ‘विझवलेला चुना’?

खाडीकाठ: शाळेच्या मुलांसाठी रसायनाचे धडे मराठीत करतेय. कळीच्या चुन्यात, म्हणजे भट्टीत भाजलेल्या कोरड्या चुन्यात, पाणी घातल्यावर जे होतं त्याला मी ‘विरलेला चुना’ लिहिलं, तपासणाऱ्यांनी खोडून ‘विझवलेला’ केलं. म्हणे विरलेला वाचून मुलांना वाटेल पाण्यात विरघळला. आमच्या गुहागरला तर चुना विरवायचेच. काय ठेवू?

जांभाचिरा: विझवलेला नकोच ताई, ते मला हिंदीतल्या ‘बुझा चूना’वरून आल्यासारखं वाटतं. विझवायला आधी पेटलेलं काही हवं ना, हा तर पाणी पडल्यावरच तापतो! आमच्या घराच्या दरजा भरायला गवंड्यांनी अंगणात खड्डा करून चुना विरवला होता, खडे आधी पाणी नुसतं पिऊन घेतात, मग चर्रर्र आवाज, तडे, वाफ आणि बघता बघता खड्याचं पीठ होऊन सगळा खड्डा रटरटायला लागतो. डोळ्यात उडेल म्हणून आम्हा पोरांना जवळ फिरकू देत नसत, आणि बरोबरच होतं ते.

मिठागर: मला विझवलेला चालतो. ५६ ग्रॅम कळीचा चुना १८ ग्रॅम पाणी पोटात घेऊन ७४ ग्रॅम होतो, त्यानंतर कितीही पाणी ओता, ढिम्म तापत नाही. जोर विझलाच की त्याचा. आणि विरघळण्याची शंका रास्त आहे, लिटरभर पाण्यात जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅम जातो, बाकी सगळा तळाला, वर निवळी.

खाडीकाठ: पण विरणं आणि विरघळणं एक कुठे? जुनं लुगडं विरतं, विरघळतं का? अंगातला जीव जाऊन सुटं सुटं होणं म्हणजे विरणं, खड्याचं तेच होतं.

चुनाळं: लुगड्याचं एकदम पटलं! आमची आजी ‘चुनो’ म्हणायची, खाडीतले शिंपले भट्टीत भाजून केलेला. विझवायची ती भट्टी. आणि कळीच्या चुन्यातली कळी म्हणजे मला फुलाचीच कळी वाटते, पाणी मिळालं की उमलते.

मिठागर: उमलणं गोड आहे पण मला ती कल्हईची बहीण वाटते, हिंदीत भिंतीला कलई करतात ती चुन्याचीच.

चुनाळं: प्रत्येक शब्द बाहेरूनच आलाय असं कशाला धरायचं?

हापूसवाला: कार्बाइडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू निघून जातो आणि खाली उरतो तो हाच चुना. वेल्डिंगवाल्याकडचा तो पांढरा गाळ लोक कुंपणाच्या भिंतीला फासतात. तो ना कोणी विरवला ना विझवला, त्याला काय म्हणाल?

जांभाचिरा: कार्बाइडचं नाव नका काढू दादा. त्याने आंबे पिकवायला बंदी असून पेटीत पुड्या सापडतात, आंबा वरून पिवळाधमक नि आत आंबट. पेंढ्यात आंबे रचून घातलेल्या आढीची सर नाही त्याला.

खाडीकाठ: अहो, माझ्या धड्याचं?

मिठागर: दोन्ही लिहा, एक कंसात.

जांभाचिरा: कंसात विझवलेला. बाहेर नाही.

चुनाळं: पेंढा भाताचाच लागतो का हो आढीला? यंदा आमच्याकडे भात लावलाच नाही.

हापूसवाला: भाताचाच घ्या, नाचणीचा काड टोचतो फळाला.