अ‍ॅब्लेशनच्या वेळी जागे राहण्याची भीती

प्रश्न
नमस्कार. गेली चार वर्षे मला अधूनमधून एकाएकी धडधड सुरू होण्याचा त्रास आहे. तपासण्यांनंतर तो सुप्राव्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया, म्हणजे एसव्हीटी (हृदयाचे ठोके एकाएकी फार वेगाने पडण्याचा विकार), असल्याचे निदान झाले आणि येत्या गुरुवारी कॅथेटर अ‍ॅब्लेशन, म्हणजे शिरेतून बारीक नळी (कॅथेटर) हृदयापर्यंत नेऊन तिथली दोषाची जागा निकामी करण्याची प्रक्रिया, करायचे ठरले आहे. डॉक्टरांनी जोखीम व्यवस्थित समजावून सांगितली. माझी झोप उडाली ती त्यांच्या एका वाक्याने: दोष नेमका कुठे आहे हे शोधण्यासाठी ते धडधड मुद्दाम सुरू करणार आहेत, आणि त्या वेळी मी पूर्ण बेशुद्ध नसेन. जिला चार वर्षे घाबरत आलो, तीच गोष्ट टेबलावर निश्चल पडून सोसायची, ही कल्पनाच सहन होत नाही. त्यातच नेहमीच्या गोळ्या आधीच बंद करायला सांगितल्यामुळे छातीत जरा काही जाणवले की त्रास सुरू झाला की ही नुसती भीती, हेच कळेनासे होते. मी पूर्ण भूल मागावी का?

उत्तर १
मी दोन वर्षांपूर्वी याच प्रक्रियेतून गेले आणि मलाही नेमके याचेच भय होते. प्रत्यक्षात धडधड सुरू झाली तेव्हा ती ओळखीचीच होती, पण तिच्यासोबत नेहमी येणारा प्रश्न, ‘आता हे थांबेल की नाही’, त्या खोलीत उरलाच नव्हता, कारण ज्यांनी ती सुरू केली होती त्यांनीच काही सेकंदांत हृदयाला विद्युत् ठोके देऊन ती थांबवली. मला सर्वांत जास्त त्रास त्या क्षणाचा नव्हे, तर आदल्या आठवड्याचा झाला, हे आज मनापासून सांगते.

उत्तर २
मी कॅथ लॅबमध्ये, म्हणजे जिथे ही प्रक्रिया करतात त्या विभागात, परिचारिका आहे. पूर्ण भुलीबद्दल डॉक्टरांना अवश्य विचारा, मात्र ते नाही म्हणाले तर त्यामागचे कारण लक्षात घ्या: खोल गुंगीत एसव्हीटी कधीकधी सुरूच होत नाही, आणि ती सुरू झाली नाही तर दोषाची जागा खात्रीने सापडत नाही. म्हणून बहुधा हलकी गुंगी देतात आणि जांघेपाशी, जिथून शिरेत कॅथेटर घालतात, तेवढाच भाग बधिर करतात. बधिर करणारी सुई चुरचुरते. पुढे कॅथेटर शिरेतून सरकताना सहसा काही जाणवत नाही. दोषाच्या जागी उष्णता देताना काहींना छातीत थोडी जळजळ होते, आणि ती सांगितल्यास गुंगीचे औषध वाढवता येते.

माझी कळकळीची विनंती अशी की, आत जाण्यापूर्वीच आम्हाला सांगा, ‘धडधड सुरू करण्याआधी मला सांगा आणि थांबवली की तेही सांगा.’ घाबरलेला माणूस गप्प राहतो तेव्हा त्याची भीती आम्हाला पडद्यावरच्या वाढत्या ठोक्यांवरून ओळखावी लागते, आणि ते ठोके आम्ही आधीच दुसऱ्या कारणासाठी पाहत असतो.

भीती आणि एसव्हीटी यांतला फरक घरी पूर्ण खात्रीने ओळखता येईलच असे नाही. साधारणपणे एसव्हीटी बटण दाबल्यासारखी क्षणात सुरू होते आणि तशीच थांबते, तर भीतीची धडधड हळूहळू चढते आणि उतरते. भीती चढू लागली तर श्वास सोडण्याचा वेळ घेण्याच्या वेळेपेक्षा लांबवत नेऊन पाहा. थोड्या वेळात ठोके मंदावू लागतात. पण छातीत दुखले, दम लागला, भोवळ आली किंवा धडधड थांबेचना, तर गुरुवारची वाट न पाहता तातडीची मदत घ्या. बंद केलेली गोळी स्वतःच्या मनाने पुन्हा सुरू करू नका.

प्रश्नकर्ता
दोघांचे मनःपूर्वक आभार. आज दवाखान्यात फोन करून विचारले. पूर्ण भूल देणार नाहीत, त्याचे कारण वर लिहिले आहे तेच निघाले. मात्र धडधड सुरू करण्याआधी आणि थांबवल्यावर सांगायचे त्यांनी कबूल केले, आणि माझ्या डोक्याशी एक परिचारिका उभी असेल असेही सांगितले. भीती गेलेली नाही, पण काल रात्री ‘तिथे काय होईल’ म्हणून जागा होतो. आज निदान काय होणार आहे ते क्रमाने माहीत आहे. झाल्यावर इथे कळवतो.