शब्दचर्चा: चिवट जेल 'थकतं', 'शिणतं' की 'विरतं'?

कृष्णाकाठ (सांगली): पोरांसाठी हायड्रोजेलवर टिपण लिहितोय. पाणी धरून ठेवणारं पॉलिमरचं (लांब साखळीसारख्या रेणूंचं) जाळं. चिवट असलं तर एकदा खूप ताणलं तरी तुटत नाही. पुन्हा पुन्हा ताणलं की थोड्या ताणातही चिरत जातं. याला, म्हणजे इंग्रजीतल्या 'फटीग'ला, 'श्रांती' म्हणू का? आणि 'टफ'ला 'मजबूत'?

माणदेशी: मजबूत नको. चिवट.

वाईकर: 'श्रांती' धातूंच्या पुस्तकांत रुळलाय, पण तो ऐकला की विश्रांती आठवते, आणि घोळ तिथेच आहे: विसाव्यानं सगळंच भरून येत नाही. २०१२ साली हार्वर्डमध्ये केलेलं अल्जिनेट आणि पॉलिॲक्रिलमाइड या दोन पॉलिमरचं जेल घ्या. जवळपास ९० टक्के पाणी, तरी लांबीच्या २० पट ताणलं जातं. ताण आला की कॅल्शियमने बांधलेले सांधे सुटतात, त्यात ऊर्जा खर्ची पडते, म्हणून चीर अडून राहते. ताण काढून ठेवून दिलं की त्यातले बरेच सांधे परत जुळतात. हे झालं शिणणं. बैल शिणतो, दावणीला बांधून वैरण टाकली की पुन्हा उभा.

जपानमधल्या होक्काइडो विद्यापीठाच्या जियान पिंग गोंग यांच्या गटाचं २००३ चं दुहेरी जाळ्याचं जेल मात्र वेगळं. त्यातलं ठिसूळ जाळं सहसंयुजी बंधांचं (अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेतलेल्या पक्क्या जोडांचं). तुटलं ते तुटलंच. त्याला 'शिणलं' म्हणणं खोटं. ते विरतं.

मिरजवाला: जेल 'विरतं' वाचून पोरं 'विरघळतं' समजतील!

वाईकर: खरंय. मग 'जाळं विरतं' लिहा, जेल नव्हे.

कृष्णाकाठ: आणि चीर वाढते ते?

वाईकर: 'चीर सरकणे'. तडा काचेला, भेग जमिनीला नि टाचेला. मऊ वस्तूला चीरच. ती सरकली की कितीही विसावा द्या, मागे येत नाही. हार्वर्डचं तेच जेल एका दमात फाडायचं तर चिरेच्या चौरस मीटरमागे हजारो ज्यूल ऊर्जा लागते, पण ताण पुन्हा पुन्हा दिला तर शंभर ज्यूलच्या आतच चीर सरकू लागते. कारण चिरेच्या टोकाशी कॅल्शियमचे सांधे आधीच्या फेऱ्यांतच सुटलेले असतात. अडवायला उरतात फक्त पॉलिॲक्रिलमाइडच्या साखळ्या. म्हणून चिवट जेल चिवट राहीलच असं नाही.

मिरजवाला: 'झीज' चालेल का?

माणदेशी: झीज घासून होते. इथं घासतंय कोण?

कृष्णाकाठ: ठरलं, मथळा 'चिवट जेलचा शीण आणि चीर'. 'श्रांती' कंसात ठेवतो, पेपरात तोच येतो.