क्लॉनमेलच्या त्या नगरसेवकासारखं आपल्याकडे कुणी आहे का?

कळवेकर५८: काल रात्री २००९ ची आयरिश टीव्हीवरची क्लिप पाहिली. मायकेल ओब्रायन, क्लॉनमेलचे माजी महापौर, प्रेक्षकांतून उठून थेट मंत्र्यालाच सुनावतात. लहानपणी स्वतः फेरीहाउसच्या औद्योगिक शाळेत, म्हणजे गरीब-अनाथ मुलांना ठेवायच्या निवासी संस्थेत होते. तिथे काय भोगलं ते सांगताना गळा दाटतो, पण माणूस थांबत नाही. शेजारी बायको बसलेली.

मी १९७६ ते ८० एका वसतिगृहात होतो. नाव नको. रात्री व्हरांड्यात चपलांचा फटक-फटक आवाज जवळ आला की चादर डोक्यावरून घ्यायचो. अजूनही पंखा बंद झाला की जाग येते. बायकोला गेल्या वर्षी सांगितलं, तेही चहा गाळता गाळता, पाठ फिरवून. आता तक्रार होते का?

घोडबंदरची वकीलबाई: काका, पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, २०१२ चा; आधीच्या गुन्ह्यांना लागू होत नाही. त्या वेळची भारतीय दंड संहिता लागते. तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला मुदतीचं बंधन नाही. पुरावा मात्र अवघड, खोटं कशाला सांगू. तिथे आजही मुलं असतील तर १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला, आधी कळवा.

वाशी_सेक्टर९: आमचे नगरसेवक गटारापलीकडे बोलत नाहीत हो!

कळवेकर५८: मुलं आहेत. परवाच रिक्षातून जाताना दोरीवर खाकी चड्ड्या वाळत घातलेल्या दिसल्या. फोन लावतो.